क्षमेची घाई नको



भाषांतराची सेवा करताना ‘क्षमा करा, मन हलके होईल’ हे वाक्य मी अनेकदा सहज लिहिले आहे. एकदा सेवेतल्या एका ताईंनी मजकूर वाचून विचारले, “लहानपणच्या मारामुळे ज्याला अजून रात्री झोप लागत नाही, त्याने हे कसे वाचायचे?” माझ्याकडे उत्तर नव्हते. तोच प्रश्न आज तुमच्यासमोर ठेवत आहे.

हे दुःख थोड्यांचे नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक छळ सोसल्याचे आढळले. घरात छळ झालेल्यांपैकी बहुतेकांना तो आईवडिलांकडूनच झाला होता. सत्संगात आपल्या शेजारी बसलेल्या व्यक्तीच्या मनातही अशी आठवण असू शकते.

ही आठवण शरीरातही राहते. दार जोरात आपटले तरी छाती धडधडते. कुणी आवाज चढवला की मोठा माणूसही क्षणात आठ वर्षांचा होतो. असा त्रास टिकून राहिला, तर तो आघातोत्तर ताणविकार असू शकतो. तो मनाचा दुबळेपणा नाही आणि साधना कमी पडल्याची खूणही नाही. काहींना तर डोळे मिटून बसल्यावर त्या आठवणी अधिकच तीव्र होतात. तुमचे तसे होत असेल, तर डोळे उघडा, पाय जमिनीला टेकलेले अनुभवा, हवे तर उठा. त्यात काहीच चूक नाही.

यावर उपचारही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये मुले आणि प्रौढ दोघांसाठीही आघातावर केंद्रित वर्तनोपचार आणि ईएमडीआर या पद्धतींची शिफारस केली. प्रशिक्षित उपचारकाच्या सोबतीने त्या आठवणीला सुरक्षितपणे सामोरे जाता येते, आणि हळूहळू तिची धार कमी होऊ शकते.

मग क्षमेचे काय? मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. बुडीत कर्ज माफ करायचे, तर ते आधी वहीत नोंदलेले असावे लागते. ‘माझ्यावर अन्याय झाला, आणि त्यात माझा दोष नव्हता’ ही नोंदही तशीच आधी व्हावी लागते. शिवाय माफ करण्याचा अधिकार ज्याचे येणे आहे त्याचाच, बाजूला बसलेल्यांचा नाही.

द्वेष मनाला जाळतो, हे खरेच. पण झालेले खरे सांगणे म्हणजे द्वेष नव्हे. क्षमा केली म्हणजे पुन्हा जवळ गेलेच पाहिजे, असेही नाही. कुणाच्या मनात ती उमलली तर आनंदच आहे. नाही उमलली, तरी त्याची साधना अपुरी ठरत नाही.

म्हणून कुणी आपले बालपण तुमच्यापाशी उघडे केले, तर उपदेशाची घाई करू नका. “माझा तुझ्यावर विश्वास आहे,” एवढेच म्हणा आणि ऐका. मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. आज एखादे मूल छळ सोसत असेल, तर १०९८ वर कळवा.

शांतपणे ऐकणे हीसुद्धा सेवाच आहे.