कुलूप नसलेलं पाणी

शनिशिंगणापूर म्हटलं की आधी आठवतं ते म्हणजे घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत. २०११मध्ये युको बँकेनेही इथे बिनकुलपाची शाखा उघडली. चोरी केली तर शनिदेव बघून घेईल, ही त्यामागची श्रद्धा.

पण चोरी म्हणजे नक्की काय? नगर जिल्ह्यात हा प्रश्न दारापेक्षा पाझर तलावापाशी जास्त अवघड होतो.

पाझर तलाव म्हणजे ओढ्यावर घातलेला मातीचा छोटा बांध, कडेला सांडवा. १९७२च्या दुष्काळात असे कितीतरी तलाव लोकांनी दुष्काळी कामांवर पाट्या वाहून बांधले. तो पावसाचा लोंढा अडवतो, त्यामुळे खालची रानं खरडून जात नाहीत. अडलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना उतरतं. त्याला कालवा नाही, दार नाही. म्हणजे हीसुद्धा बिनकुलपाचीच ठेव.

आता समजा, तलावाखाली दोन शेतकरी आहेत. एकाची चाळीस फुटांची विहीर. दुसऱ्याने तीनशे फूट बोअर घेतलं आणि ऊस लावला. फेब्रुवारीत पहिल्याची विहीर आटली. दुसरा चोर आहे का? त्याने कुणाच्या रानात पाय ठेवलेला नाही. १८८२चा कायदाही जमीनमालकाला जमिनीखालचं पाणी काढण्याचा हक्क देतो.

मला वाटतं, तो चोर नाही, पण निर्दोषही नाही. चोराला आपण चोरी करतोय हे माहीत असतं, म्हणून त्याला देवाची भीती घालता येते. मोटर चालू करणाऱ्याचं मन मात्र स्वच्छ असतं. तिथे भीती काय करणार? तिथे हिशोबच लागतो.

याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तो मांडला. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद करायचा आणि मग पिकं ठरवायची.

‘माझं रान, माझा पैसा, मग गाव कोण सांगणार?’ हा आक्षेप पोकळ नाही. नियम गावाने केले तरी ते जाचक होऊ शकतात. पण बोअरमध्ये आलेलं पाणी त्याच्या पैशाने आलेलं नाही. ते बांधामुळे थांबलं, आणि बांध अनेकांच्या घामाचा आहे. रान एकट्याचं असेल, पाझर एकट्याचा नाही. म्हणून किती उपसायचं हेही एकट्याने ठरवू नये.