संवाद करणाऱ्यांचे आपसांतले सहकार्य

आंतरधर्मीय संवादाचे काम करणारे कार्यकर्ते ढोबळमानाने दोन प्रवृत्तींचे असतात. काहींना परंपरेत आधीपासून असलेला सलोखा जपायचा असतो; काहींना स्वतःच्या धर्मातील अन्यायाची चिकित्सा झाल्याशिवाय सलोखा खरा वाटत नाही. पहिल्यांना दुसरे भांडखोर वाटतात, दुसऱ्यांना पहिले डोळेझाक करणारे. या दोघांना एकत्र काम करता येईल असा पाया कोणता, हा प्रश्न दोन धर्मांतील मतभेदांपेक्षाही अवघड आहे. पिंपरी-चिंचवड परिसरातील देहू ते आकुर्डी या टापूत या दोन्ही प्रवृत्तींच्या खुणा एकाच वाटेवर आढळतात.

आषाढी वारीसाठी तुकोबांची पालखी देहूहून मार्गस्थ होते, तेव्हा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी असतो. तेथे अभंग आणि आरती होते आणि मग पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला जाते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास हा सोहळा सुरू केला असे मानतात. आख्यायिका अशी की अनगडशहा हा फकीर तुकोबांची परीक्षा पाहायला दारी आला. त्याचा कटोरा कोणाच्याच दानाने भरत नसे. तुकोबांच्या लहानग्या मुलीने त्यात चिमूटभर पीठ टाकले आणि तो भरून सांडू लागला. फकीर तुकोबांचा चाहता झाला, तरी त्याच्या नावाचा दर्गा दर्गाच राहिला आणि टाळ-मृदंग घेतलेले वारकरी तेथे थांबू लागले. कोणत्याही ठरावाशिवाय इतकी वर्षे टिकलेली ही रीत मौल्यवान आहे.

याच वाटेवर, देहूरोडला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धर्मांतराला अजून जवळपास दोन वर्षे होती. पंढरपूरचा पांडुरंग मूळचा बुद्धच, हे मतही त्यांनी त्या प्रसंगी मांडले. वारकरी भाविकाला ते पटणे कठीण, आणि ते त्याची समजूत काढण्यासाठी मांडलेलेही नव्हते. देवळाच्या पायरीबाहेर ठेवल्या गेलेल्या समाजाने इतिहासाची फेरमांडणी मागितली होती. सर्व धर्म शेवटी एकच, असे म्हणून ही मागणी बाजूला सारली तर संवाद सुरू होण्याआधीच संपतो.

मुस्लिम समाजात हीच चिकित्सेची वाट हमीद दलवाईंनी धरली. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा त्यांनी तोंडी तलाकाविरुद्ध काढला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. यातून सहकार्याचा एक नाजूक पेच उभा राहिला. हिंदू पाठीराखे पुढे सरसावले की सुधारणेची मागणी बाहेरून आलेली ठरवणे विरोधकांना सोपे जाते. म्हणून सहकाऱ्याने एक पाऊल मागे राहणे आणि जी कसोटी मित्राच्या घराला लावली तीच आधी आपल्या घराला लावणे, हे इथे सौजन्यापेक्षा मोठे आहे. मित्राची विश्वासार्हता त्यावर अवलंबून असते.

सलोखा आणि चिकित्सा यांच्यातला हा ताण अरब समाजांतही आहे. लेबनॉनमध्ये २०१० पासून २५ मार्च हा मरियमचा दिवस ख्रिस्ती आणि मुसलमान यांचा संयुक्त राष्ट्रीय सण मानला जातो. मरियम दोघांनाही पूज्य आहे. हा सण स्वभावाने अनगडशहांच्या दर्ग्यावरील विसाव्याशी नाते सांगतो. अबुधाबीत ४ फेब्रुवारी २०१९ रोजी पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. असे जाहीरनामे कार्यकर्त्याला छत्र देतात. पण इजिप्तमध्ये कॉप्टिक ख्रिस्त्यांवर हल्ले झाले की गावपातळीवर समेटाच्या बैठका होतात आणि खटला मागे पडतो, अशी तेथील मानवी हक्क कार्यकर्त्यांची जुनी तक्रार आहे. न्याय टाळण्यासाठी वापरलेला सलोखा पीडिताला दुसऱ्यांदा एकटे पाडतो. सलोखावादी आणि न्यायवादी यांची फारकत होते ती इथेच.

दोघांना एकत्र आणणारी रचना महाराष्ट्रात भिवंडीने दाखवली. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या या यंत्रमागांच्या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला कमिट्या उभारल्या. दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी आणि त्या भागातले पोलीस, असे त्यांचे स्वरूप होते. शांततेच्या काळातही बैठका होत, त्यामुळे अफवा उठली की कोणाला विचारायचे हे लोकांना ठाऊक असे. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. १९९४ मध्ये मुंबईनेही मोहल्ला कमिटीची चळवळ उभारली. भिवंडीत समेट आणि कायदा एकाच सतरंजीवर बसले होते, म्हणून तो समेट पोकळ नव्हता.

भोसरी-चाकण या कारखान्यांच्या पट्ट्याला हे उदाहरण जवळचे आहे. इथेही कामगार दूरदूरच्या राज्यांतून आलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा, तीन पाळ्यांत विभागलेला. अनगडशहांची कथा देहूच्या माणसाला आजीकडून कळते. शेजारच्या खोलीत बिहारहून आलेल्या तरुणाला ती कोणी सांगितलेली नसते. या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी संध्याकाळी सभागृहात भरवलेल्या सर्वधर्म परिषदेला या कामगाराला येणे अवघड जाते आणि शुक्रवारची दुपारची नमाजही त्याला पाळी सांभाळून पढावी लागते. त्यामुळे बैठक गुरुवारी आणि वस्तीतच ठेवावी लागते. तिथे वारकरी, विहारातला उपासक, मशिदीचा विश्वस्त आणि तलाकपीडित स्त्री यांच्यापैकी कोणालाही आपले म्हणणे गिळावे लागू नये. पाणी, भाडे, मिरवणुकीचा मार्ग आणि भोंग्याची वेळ हे विषय आधी घ्यावेत. श्रद्धेचे प्रश्न, पांडुरंगाच्या मूळ रूपाचा वादही त्यात आला, ओळख मुरल्यावर त्याच माणसांपुढे मांडता येतात.