पुठ्ठ्याचे माप

नदीकाठच्या एका गावात जुने वाचनालय होते. तिथे चार कॉम्प्युटर होते, सगळे बारा-तेरा वर्षांचे. एकावर पुस्तकांची नोंद होती, दुसऱ्यावर सभासदांची वर्गणी, आणि उरलेल्या दोहोंवर स्पर्धा परीक्षेची मुले आळीपाळीने अभ्यास करत. चारही डबे टेबलाखाली जमिनीवरच असत. आषाढातल्या एका रात्री नदीचे पाणी दारातून आत आले, चार बोटे चढले आणि पहाटे ओसरले. ग्रंथपालांनी संध्याकाळीच डबे विटांवर चढवून ठेवले होते, म्हणून वाचले.

त्याच वर्षी गावातल्या बँकेने आपला जुना रॅक वाचनालयाला देऊन टाकला. कमरेएवढी लोखंडी चौकट, खांबांना वरपासून खालपर्यंत चौकोनी भोके. तीन भोकांचे एक घर, घराची उंची पावणेदोन इंच. अशी अठरा घरे. कार्यकारी मंडळाने ठराव केला, की यात बसतील अशी चार कॅबिनेट आणावीत आणि खर्च 12,000 रुपयांच्या आत ठेवावा.

सोमवारी वाचनालय बंद असे. ग्रंथपाल पहाटे निघाले, मुंबईत ग्रँट रोडला उतरले आणि चालत लॅमिंग्टन रोडवर पोचले. एका दुकानात मोठमोठ्या कार्यालयांतून निघालेली रिकामी कॅबिनेट रचून ठेवली होती. काही चपटी होती, एका घराच्या उंचीची. ती 1,400 रुपयांना एक. काही जाड होती, चार घरांची. ती 3,500 रुपयांना. ग्रंथपालांनी मनात हिशेब केला. जाड चार घेतली तर 14,000 होत होते. चपटी चार 5,600 मध्ये येत होती.

"आत काय बसवणार?" दुकानदाराने विचारले.

"साधेच कॉम्प्युटर आहेत. जुने."

दुकानदाराने चार चपटी कॅबिनेट सुतळीने बांधून दिली.

मंगळवारी सकाळी ग्रंथपालांनी पहिला कॉम्प्युटर उघडला. कोपऱ्यात नाना बाइंडर जुन्या मासिकांचे अंक बांधायला बसले होते. मदरबोर्ड नव्या डब्यात अलगद बसला. त्याची भोके जुळली, कारण ते माप 1995 साली ठरले आणि पुष्कळ कंपन्यांनी पाळले. पण पुढे सगळे अडले. वीज पुरवणारा एसएमपीएस साडेआठ सेंटिमीटर उंच होता. प्रोसेसरवरचा हीटसिंक पंख्यासकट सहा सेंटिमीटर वर आला होता. नेटवर्कचे कार्ड तर उभे बारा सेंटिमीटर. आणि डब्याची उंची साडेचार सेंटिमीटरसुद्धा नव्हती.

चपटा एसएमपीएस मिळतो, बसका हीटसिंक मिळतो, कार्ड आडवे करायचा तुकडाही मिळतो. ग्रंथपालांनी कागदावर बेरीज केली. ते सगळे घेतले तर चपटे कॅबिनेट जाड कॅबिनेटपेक्षा महाग पडत होते. तरी निदान हवा कशी खेळते ते बघावे, म्हणून त्यांनी डब्यातले पंखे सुरू केले. अगदी लहान पंखे, चार सेंटिमीटरचे. एवढ्याशा पंख्याला पुरेशी हवा ढकलायची तर फार वेगाने फिरावे लागते. ते शिट्टीसारखे किंचाळले. माणूस बसत नाही अशा थंड खोलीसाठी बनवलेला तो डबा होता. वाचायला बसलेल्या एका मुलीने पुस्तकावर बोट ठेवून वर पाहिले. ग्रंथपालांनी बटण बंद केले.

"सर, डबा आधी आणलात होय?" नानांनी विचारले.

ग्रंथपाल काही बोलले नाहीत. ते नानांजवळ जाऊन बसले. नानांनी अंक ठोकून सारखे केले, मग शिवले. शिवून झाल्यावर पोलादी पट्टीने कण्याची जाडी मोजली.

"शिवायच्या आधी का नाही मोजली, नाना?"

"दोऱ्याची जाडी चढते ना सर. आणि वर दोन सूत मोकळं ठेवायचं. कणा तंग झाला, तर पुस्तक उघडताना फाटतं." मग त्यांनी पुठ्ठा पुढे ओढला आणि कापला.

संध्याकाळी ग्रंथपालांनी ती पट्टी मागून घेतली. एकेक कॉम्प्युटर उघडून त्यांनी उंची, लांबी, रुंदी लिहून काढली. उभे कार्ड, त्यावर झाकण, मध्ये हवेला जागा, म्हणजे चार घरे लागणारच होती. मग रॅक मोजला. आत साठ सेंटिमीटर खोली. म्हणजे दुकानात पाहिलेली लांब जाड कॅबिनेट बसणारच नव्हती. पंचेचाळीसची बसत होती, आणि मागे वायरींना हात घालायला जागाही राहत होती.

चौथा कॉम्प्युटर मोजताना वेगळेच निघाले. तो कंपनीने जोडून दिलेला आडवा डेस्कटॉप होता. त्याच्या बोर्डाची भोके निराळी, एसएमपीएसचा प्लगही निराळा. तो दुसऱ्या कुणाच्या डब्यात जाणारा नव्हता. पण मुळातच तो बसका होता. लोखंडी ट्रेवर ठेवला, तर ट्रेसकट तीन घरांत मावत होता. त्याला कॅबिनेट नकोच होते.

पुढच्या सोमवारी ग्रंथपालांनी दुकानदारापुढे मापांचा कागद ठेवला. दुकानदाराने तो नीट वाचला, चपटी कॅबिनेट 500 रुपये कापून परत घेतली आणि पंचेचाळीस सेंटिमीटर खोलीची तीन जाड कॅबिनेट काढून दिली. त्यांचे झाले 10,500. ट्रेचे 800. कापलेले 500 धरून 11,800. उरलेल्या दोनशेत मदरबोर्डच्या चार नव्या बटण बॅटऱ्या आणि हीटसिंकखाली लावायच्या पेस्टची एक लहान नळी आली.

बोर्ड बसवताना त्यांनी भोके मोजली आणि डब्यातल्या पितळी खुंट्याही मोजल्या. एक खुंटी जास्त होती. ती राहिली असती, तर बोर्डाला खालून टेकून शॉर्ट झाला असता. त्यांनी ती काढून खिशात टाकली. तीन कॅबिनेटची बारा घरे झाली, ट्रेची तीन. शिपाई म्हणाला, "सर, वरची तीन घरं मोकळी ठेवू, फुलदाणी ठेवता येईल." ग्रंथपालांनी खालची तीन मोकळी ठेवली आणि रॅक भिंतीला बोल्टने आवळला.

दुकानात दिसते ती डब्याची किंमत. तो डबा स्वस्त की महाग, हे घरच्या जुन्या यंत्रापाशी पट्टी घेऊन बसल्यावरच कळते. जुन्या वस्तूचे अंग ठरून गेलेले असते. तिला नव्या घरासाठी आखडायला लावले, की खर्च तिथेच सुरू होतो. ग्रंथपालांनी हे एका संध्याकाळच्या मोजणीत शिकून घेतले.

पुढच्या श्रावणात नदी पुन्हा आत आली. सकाळी नाना आले तेव्हा पाणी उतरले होते आणि रॅकच्या खांबावर गाळाची रेघ उमटली होती. वर तिन्ही कॅबिनेटचे पंखे संथ फिरत होते. नाना वाकले, पिशवीतून पट्टी काढली आणि जमिनीपासून रेघेपर्यंत लावली.

"दोन इंच, एक सूत," ते म्हणाले, आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन पुठ्ठे उन्हात वाळत घालू लागले.