पंगत सगळ्यांची

‘गरज असेल त्यालाच द्या, सगळ्यांना फुकट कशाला?’ शालेय पोषण आहाराबद्दलचं हे वाक्य नगर जिल्ह्यात पारावर ऐकू येतं, लग्नाच्या मांडवात ऐकू येतं. मागोमाग झेडपीच्या शाळेला ‘खिचडीची शाळा’ म्हणून नाक मुरडलं जातं. बोलणाऱ्याला हा काटकसरीचा विचार वाटतो. माझ्या मते तो लेकरांच्या ताटात अपमान वाढण्याचा प्रकार आहे.

भुकेल्या मुलाला शाळेने जेवू घालणं आपल्याकडे जुनंच. शाहू महाराजांची वसतिगृहं झाली. बाहत्तरच्या दुष्काळातली सुकडी म्हातारी माणसं अजून विसरलेली नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, हे तर सर्वांना पाठ आहे. पण त्या त्यागाच्या गोष्टीत एक बाब मागे पडते. साताऱ्याच्या त्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं कष्ट करून शिकत आणि एका पंगतीत जेवत. तिथे कुणी मिंधं नव्हतं.

सरकारला हे उमगायला फार वर्षं लागली. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली, तेव्हा ८० टक्के हजेरी भरली की महिन्याला ३ किलो धान्य घरी न्यायचं. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण द्या, असा आदेश दिला. या बदलाचा अर्थ बहुतेक जण चुकीचा लावतात. तांदळाला पाय फुटत होते, म्हणून तो शिजवून द्यायचं ठरलं, असं सांगितलं जातं. एवढंच असतं, तर त्याच न्यायालयाने २००४ मध्ये स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या, असं का बजावलं असतं? कोण कुणाच्या हातचं खातं आणि कुणाशेजारी बसून खातं, हा प्रश्न न्यायालयासमोर होता. तांदळाची पिशवी घरी जायची आणि ज्याची गरिबी त्याच्याच चुलीपाशी राहायची. खिचडी मात्र शाळेच्या ओट्यावर, सगळ्यांदेखत, सगळ्यांबरोबर खायची असते.

आता ‘गरजूंनाच द्या’ हे करून पाहा. मधल्या सुट्टीची घंटा होईल, निम्मा वर्ग घरचे डबे उघडेल आणि निम्मा ताटल्या घेऊन उठेल. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड मजुराच्या मुलीच्या हातातली ताटली म्हणजे तिच्या बापाच्या गरिबीचा दाखला होईल. त्यापेक्षा ती उपाशी बसेल. मुलं असंच करतात.

खिचडी कधी पाणचट असते, तांदळात खडे निघतात, हे खरं आहे. पण ज्यांच्या शब्दाला वजन होतं, त्यांनी आपली मुलं इंग्रजी माध्यमात नेली आणि तक्रार करणारंच कुणी उरलं नाही. जेवण सुधारायचं तर पंगत मोठी व्हायला हवी, लहान नव्हे.

उलट आपण मागे निघालो आहोत. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यात पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असं ठरलं. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने अंड्याचा वेगळा निधी काढून घेतला आणि लोकवर्गणीतून जमवा, असं सांगितलं. वर्गणी आली की दाता आला, आणि दात्यासमोर हात पसरणारं मूलही आलं. हे अंडं पुन्हा सरकारच्या अंदाजपत्रकात आलं पाहिजे, आणि आमदारांपासून सरपंचांपर्यंत प्रत्येकाने ते मागितलं पाहिजे.