60 दिवस कोणी ठरवले?

उभा राहा. तुझी प्रात्यक्षिकाची वही मी नीट वाचली आहे. चिपळूणच्या एका आंबा कॅनिंग कंपनीसाठी आयबीएमच्या स्टोरेज प्रोटेक्टमध्ये, म्हणजे पूर्वीच्या टिव्होली स्टोरेज मॅनेजरमध्ये, बॅकअप आणि अर्काइव्हचं धोरण आखायचं होतं. तू सॉफ्टवेअरचे आयते आकडे सुबक अक्षरात उतरवलेस. बदललेल्या फाइलची जुनी प्रत 30 दिवस, पुसलेल्या फाइलची शेवटची प्रत 60 दिवस, अर्काइव्ह 365 दिवस. हे 60 दिवस कोणी ठरवले?

मेअखेरच्या धांदलीत कुणी आंबा खरेदीची फाइल चुकून पुसली, तर रात्रीच्या बॅकअपला ती सापडत नाही आणि तिची प्रत निष्क्रिय ठरते. तिथून तुझे 60 दिवस मोजायला लागतात. ऑगस्टमध्ये बागायतदार बिलासाठी दारात उभा राहील, तेव्हा सर्व्हरने ती प्रत तुझ्याच हुकमाने टाकून दिलेली असेल.

आणि हिशेबाच्या अर्काइव्हला एक वर्ष? कंपनी कायद्याचं कलम 128 हिशेबाची पुस्तकं किमान 8 आर्थिक वर्षं सांभाळायला सांगतं. त्यांच्यासाठी वेगळा मॅनेजमेंट क्लास, म्हणजे प्रती किती काळ ठेवायच्या याचा वेगळा नियम लागतो, हे वर्गात शिकवलं होतं. ई-मेलला एक क्लास केलास खरा, पण तो ज्यात आहे तो पॉलिसी सेट नुसता तपासलास, अ‍ॅक्टिव्हेट केलाच नाहीस. म्हणजे सर्व्हर अजून जुन्याच नियमांवर चालला आहे.

सगळ्यात संताप आला तो बॅकअपच्या दुसऱ्या प्रतीची जागा वाचून. तळमजला, सर्व्हरशेजारचं कपाट. चिपळुणात! 2005 च्या आणि 2021 च्या जुलैत वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली. 1864 सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं पाण्यात गेली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलाला हे मी सांगायचं? समासात पर्याय लिहिलायस कोल्हापूरचा. अरे, 2021 मध्ये त्याच आठवड्यात पंचगंगेलाही महापूर होता. एकाच पावसात दोन्ही प्रती बुडतील अशी जागा निवडायची नसते.

डोकं आहे तुला, म्हणूनच एवढं बोलतोय. माणसांचे पैसे आणि पुरावे तुझ्या हाती येणार आहेत. सोमवारपर्यंत प्रत्येक आकड्यापुढे त्याचं कारण लिहून आण, आणि पुसलेली एक फाइल माझ्यासमोर परत आणून दाखव. तोवर या वहीवर माझी सही होणार नाही.