मौन केव्हा पुरावा ठरते

एखादी वस्तू ‘नाही’ हे ज्ञान माणसाला कोणत्या साधनाने होते, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद आहे. जमिनीवर घडा नाही हे डोळ्यांनाच कळते, कारण ज्या इंद्रियाने घडा दिसतो त्याच इंद्रियाने त्याचा अभावही जाणवतो, असे नैयायिकांचे मत आहे. कुमारिलभट्टांच्या परंपरेतील मीमांसकांना ते मान्य नाही; जे मुळात नाहीच त्याच्याशी डोळ्याचा संबंध येणार कसा, असे विचारून त्यांनी ‘अनुपलब्धी’, म्हणजे वस्तूचे न आढळणे, हे सहावे स्वतंत्र प्रमाण मानले आणि अद्वैत वेदान्तानेही ते पुढे स्वीकारले. मात्र न आढळणे कोणत्याही परिस्थितीत अभाव सिद्ध करते, असे यांपैकी कोणीच म्हणत नाही. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून घडा नाही असे ठरत नाही. घडा असता तर तो दिसलाच असता, एवढा उजेड आणि एवढी दृष्टी असतानाच त्याचे न दिसणे पुरावा होते. या पात्रतेमुळे अशा न आढळण्याला ‘योग्यानुपलब्धी’ म्हणतात. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी हीच अट ‘दृश्यानुपलब्धी’ या नावाने घातली आणि जे स्वभावतःच दृष्टीच्या टप्प्याबाहेरचे आहे, जसे पिशाच, त्याच्या न दिसण्यावरून त्याविषयी काहीच निश्चित करता येत नाही, असे सांगितले.

हा विचार केवळ पोथीतला नाही, हे ज्याने मोबाइल फोनला यूएसबीच्या तारेने एखादे यंत्र जोडून त्याच्याकडून अक्षरांची वाट पाहिली आहे त्याला लगेच पटेल. सीरियल जोडणी म्हणजे एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवून साधलेला संवाद. यंत्राची ही भाषा यूएसबीच्या भाषेत आणण्यासाठी मध्ये एफटी२३२, सीपी२१०२ किंवा सीएच३४० यांसारखी दुभाषी चिप असते. फोनचा पडदा कोरा राहिला की पहिला निष्कर्ष ‘यंत्र बिघडले’ असा निघतो, आणि तो बहुधा घाईचा असतो. फोन स्वभावतः पाहुणा आहे, संगणकाला जोडला की तो आज्ञा ऐकतो. त्याने यजमान व्हावे यासाठी ओटीजी नावाची सोय लागते. जुन्या मायक्रो जोडणीत यजमानाच्या टोकाची एक पिन जमिनीशी, म्हणजे ग्राउंडशी, जोडलेली असते आणि तेवढ्या खुणेवरून फोन आपली भूमिका बदलतो, तर टाइप-सी जोडणीत हेच काम ठरावीक मूल्याचे रोधक करतात. अँड्रॉइडमध्ये यजमान होण्याची सोय २०११ च्या ३.१ या आवृत्तीपासून अ‍ॅप लिहिणाऱ्यांना मिळाली. पण बाजारातील कित्येक तारा केवळ चार्जिंगच्या असतात; त्यांत वीज वाहणाऱ्या दोन तारा असतात, माहिती वाहणाऱ्या नसतात. अशा तारेने जोडलेल्या यंत्राचा दिवा लागतो, यंत्र जिवंत दिसते, आणि तरीही फोनच्या लेखी तिथे कोणीच नसते. ही योग्यानुपलब्धी नव्हे, हा अंधाऱ्या खोलीतला घडा आहे.

म्हणून जाणता दुरुस्तीकार यंत्राची परीक्षा करण्याआधी स्वतःच्या ऐकण्याची परीक्षा करतो. दुभाषी चिपवर टीएक्स हे बोलण्याचे टोक आणि आरएक्स हे ऐकण्याचे टोक असते. यंत्र बाजूला काढून ही दोन टोके एका छोट्या तारेने एकमेकांना जोडली आणि फोनवरून एखादे अक्षर पाठवले, तर तेच अक्षर परत यायला हवे. याला लूपबॅक म्हणतात. अक्षर परत आले तर फोन, तार, चिप, तिचा ड्रायव्हर आणि अ‍ॅपला दिलेली परवानगी, एवढी सगळी साखळी शाबूत असल्याचे एकदम कळते, आणि त्यानंतर यंत्राच्या मौनाला प्रथमच काही अर्थ येतो. तोही टीएक्स समोरच्या आरएक्सला आणि ग्राउंड ग्राउंडला जोडले आहे, ही खात्री झाल्यावर. परवानगीचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे: अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपसाठी यंत्राशी बोलण्याची मुभा वापरणाऱ्याला विचारते, आणि ती नाकारली गेली तर यंत्र यादीत दिसूनही त्याचा एक शब्दही त्या अ‍ॅपपर्यंत येत नाही. शास्त्रकार याला अधिकार म्हणाले असते.

मौनाहून वेगळा आणि पुष्कळदा अधिक आशादायक दोष म्हणजे पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटणे. येथे दुसऱ्या टोकाला कोणी आहे हे जवळजवळ निश्चित असते, बहुधा दोघांचा वेग, म्हणजे बॉड रेट, जुळलेला नसतो. ९६०० च्या वेगात एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंद टिकतो. ऐकणारा प्रत्येक बिटच्या मध्यावर कान लावतो, आणि दहा बिटांच्या एका अक्षरात त्याचे घड्याळ बोलणाऱ्याच्या घड्याळापासून सुमारे ५ टक्क्यांहून अधिक ढळले, तर शेवटचा बिट त्याच्या हातून निसटतो. ध्वनी पोहोचतो, शब्द पोहोचत नाही. मीमांसकांनी वाक्यार्थ कळण्यासाठी ‘संनिधी’ची, म्हणजे पदे योग्य काळाच्या अंतराने यावीत याची, अट घातली होती; तिचे इतके मोजून दाखवता येणारे उदाहरण त्यांना मिळाले नव्हते.

मौन आणि चुकीचे वाचन हे दोन्ही दोष एकाच कथेत दाखवणारा ग्रंथ कलबुर्गी–आळंद रस्त्यावरील कडगंचीशी जोडलेला आहे. दत्त संप्रदायात कडगंचीची ओळख श्रीनृसिंहसरस्वतींचे शिष्य सायंदेव साखरे यांचे गाव अशी आहे. त्यांच्याच वंशात पाचव्या पिढीला झालेल्या सरस्वती गंगाधरांनी सिद्ध आणि नामधारक यांच्या संवादातून ‘गुरुचरित्र’ रचले. त्यातील एकेचाळिसाव्या अध्यायात, भीमा आणि अमरजा यांच्या गाणगापूर येथील संगमावर, वादळी पावसाच्या रात्री गुरू सायंदेवाला गावातून अग्नी आणायला पाठवतात आणि वाटेत दोन्ही बाजूंना पाहू नकोस असे बजावतात. परतताना सायंदेवाला राहवत नाही. तो पाहतो, तर उजवीकडे एक आणि डावीकडे एक असे दोन मोठे सर्प त्याच्याबरोबर चाललेले असतात. तो भयाने धावत सुटतो, आणि ते सर्प रक्षणासाठी पाठवले होते हे गुरूंकडून त्याला नंतर कळते.

जाताना सायंदेवाला सर्प दिसले नाहीत, पण त्याने पाहिलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्या न दिसण्यावरून ते तेथे होते किंवा नव्हते असे काहीच ठरत नाही. परतताना सर्प दिसले, पण रक्षक हा अर्थ हुकून मारेकरी हा अर्थ हाती आला. संकेत पोहोचला, वेग जुळला नाही. प्रार्थनेला उत्तर आले नाही म्हणून ऐकणारा कोणी नाही असे मानणाऱ्याने आपल्या ऐकण्याची पात्रता कधी सिद्ध केली, हा प्रश्न यातून रास्तपणे उभा राहतो. तथापि ही तलवार दुधारी आहे, आणि श्रद्धेच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी हे पुरेसे मान्य केलेले नाही. अयोग्य मौन अभाव सिद्ध करीत नाही, तसेच ते अस्तित्वही सिद्ध करीत नाही; धर्मकीर्तींचे पिशाच दोन्ही पक्षांना सारखेच लागू आहे.

त्याहून गंभीर धोका लूपबॅकमध्येच दडलेला आहे. जोडलेली ती छोटी तार काढायची राहून गेली, किंवा अ‍ॅपमध्ये टंकलेले अक्षर आपोआप पडद्यावर दाखवण्याची सोय चालू राहिली, तर माणसाला आपलेच अक्षर समोरून आलेले उत्तर वाटते. अशा पडद्यावर कधीच शुकशुकाट नसतो, वेगही कधी चुकत नाही, आणि म्हणूनच त्यावर शंका येत नाही. अंतर्वाणी म्हणून जे ऐकू येते त्यापैकी किती बाहेरून आलेले आणि किती स्वतःचेच परतलेले, हे ओळखण्याची एक साधी खूण मात्र दुरुस्तीकाराजवळ असते: जे पाठवले नव्हते असे काही आले का, हे तो पाहतो. सायंदेवाने आपल्या मनाने जो अर्थ लावला होता तो भयाचा होता. संगमावर पोहोचल्यावर गुरूंनी जो सांगितला, तो त्याने पाठवलेला नव्हता.