डंजन मास्टरचे विधिलिखित

टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळात चार-पाच जण प्रत्येकी एकेक पात्र चालवतात: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी भुरटा चोर. उरलेला एक जण, म्हणजे डंजन मास्टर किंवा खेळाडूंच्या बोलीत डीएम, या पात्रांभोवतीचे सारे जग चालवतो. गावे, हवामान, राक्षस, सरायवाला, त्या सरायवाल्याची थकलेली बाकी, सगळे त्याच्या हातात. घरच्या घरी लिहिलेल्या मोहिमेत, म्हणजे खेळायच्या साहसकथेत, तर हे जग निर्माणही त्यानेच केलेले असते. अशा जगात वावरणारी पात्रे स्वतंत्र म्हणता येतील का, हा प्रश्न मोहीम लिहिणाऱ्यापुढे पहिल्या कच्च्या खर्ड्यातच उभा राहतो. ईश्वर सर्वज्ञ आणि सर्वशक्तिमान असेल तर माणसाच्या निवडीला अर्थ काय उरतो, हा धर्मचिंतनातला जुना पेच इथे वहीच्या पानावर सोडवावा लागतो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला तेव्हा मोहीम घरीच रचायची हे गृहीतच होते. आर्नेसनचे ब्लॅकमूर आणि गायगॅक्सचे ग्रेहॉक ही दोन्ही जगे आधी मित्रांच्या टेबलावर उभी राहिली, छापखान्यात नंतर गेली. पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या काही ख्रिस्ती गटांनी या खेळाविरुद्ध मोठे काहूर माजवले. त्यांचा रोख नियमपुस्तकांतल्या सैतानांवर आणि मंत्रांवर होता. ती सगळी कागदी भुते होती. कोणा आक्षेपकाला धर्मशास्त्राची खरी बाब शोधायचीच असती, तर ती नोंदी आणि फासे झाकणाऱ्या पडद्याआड बसलेल्या डीएमच्या जागेत सापडली असती. कादंबरीकार टॉल्किनने मानवी कल्पनासृष्टीला ईश्वरी निर्मितीच्या छायेतली दुय्यम निर्मिती मानले होते. पण कादंबरीकाराच्या दुय्यम सृष्टीतली पात्रे उलटून ‘आम्ही नाही जाणार त्या गुहेत’ असे म्हणत नाहीत. टेबलावरची म्हणतात.

या पेचाचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण खेळाडूंमध्ये ‘क्वांटम ओगर’ या नावाने ओळखले जाते. वाटेला दोन फाटे फुटतात. डीएमने एक नरभक्षक राक्षस तयार ठेवला आहे आणि पथक डावीकडे जावो वा उजवीकडे, तो त्याच वाटेवर भेटणार आहे. खेळाडूंना वाटते आपण निवड केली. तत्त्वज्ञ जॉन लॉकने सतराव्या शतकात असाच एक माणूस कल्पिला होता: झोपेत असताना त्याला एका खोलीत नेऊन बाहेरून कुलूप लावले आहे, जाग आल्यावर आवडती व्यक्ती समोर दिसते, म्हणून तो आनंदाने तिथेच थांबतो. थांबणे त्याच्या इच्छेने झाले, पण निघून जाण्याचे स्वातंत्र्य त्याला नव्हते. हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६९ मध्ये याच धाटणीची उदाहरणे घेऊन असा युक्तिवाद केला की दुसरा पर्याय खुला नसला तरी माणूस आपल्या कृतीला जबाबदार असू शकतो.

फ्रँकफर्टच्या युक्तिवादाने जबाबदारी वाचते. खेळ मात्र वाचत नाही. दोन्ही वाटांबद्दल खेळाडूंना काहीच ठाऊक नसेल, तर डावे-उजवे ही निवडच नव्हती. तिथे राक्षस हलवल्याने कोणाचे काही हिरावले जात नाही. पण समजा, पथकाने आधी एका मेंढपाळाला गाठले, त्याला दोन नाणी दिली, उजवीकडच्या रानात मेंढ्या नाहीशा होतात हे त्याच्याकडून काढून घेतले आणि विचारपूर्वक डावी वाट धरली. आता तोच राक्षस डावीकडे उभा केला, तर मेंढपाळाशी झालेले बोलणे, दिलेली नाणी आणि केलेला विचार हे सारे मागच्या मागे पुसले जाते. म्हणजे भविष्य किती फाट्यांनी मोकळे आहे याला फारसे महत्त्व नाही. केलेल्या कृतीवर पुढचे काही अवलंबून आहे का, हे पाहायचे.

हा विचार भारतीय परंपरेत फार नेमकेपणाने मांडला गेला आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या पादात ईश्वरावरच्या दोन आरोपांचा विचार आहे: वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयता. कोणी सुखात, कोणी दुःखात, असे जग ईश्वराने केले असेल तर तो पक्षपाती तरी किंवा क्रूर तरी. सूत्रकाराचे उत्तर असे की ईश्वर सापेक्ष आहे. फळ देताना तो जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दृष्टांत देतात. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच पडतो, फरक बीजाचा असतो. चांगल्या डीएमवरही हेच दोन आरोप होतात आणि त्याच्याकडेही हेच एक उत्तर असते. गायगॅक्सची ‘टूम ऑफ हॉरर्स’ ही १९७५ मध्ये ओरिजिन्स मेळाव्यात खेळली गेलेली आणि १९७८ मध्ये छापलेली मोहीम क्रूरपणासाठी कुप्रसिद्ध आहे. तिच्या प्रवेशमार्गाच्या टोकाला भिंतीवर हिरवा सैतानी चेहरा आहे आणि त्याच्या उघड्या तोंडात मिट्ट काळोख. आत शिरणारा क्षणात नष्ट होतो, फासे टाकून बचाव करण्याची सोय नाही. तरीही तिला निव्वळ अन्यायी म्हणता येत नाही, कारण वाटेतल्या फरशीवर कोड्याच्या रूपात इशारे कोरलेले आहेत आणि काळोखात आधी काठी घालून पाहायला कोणी मनाई केलेली नाही.

सूत्रांतली पुढची शंका तर खेळाला अधिकच लागू पडते. सृष्टीच्या आरंभी कर्मच नव्हते, मग पहिली विषमता कुठून आली? वेदान्त संसाराला अनादी मानून सुटतो. मोहिमेला ती पळवाट नाही, तिला पहिली बैठक असते. ‘तुम्ही सगळे तुरुंगात जागे होता’ हे वाक्य कोणत्याही पात्राच्या कर्माचे फळ नसते, ती शुद्ध मनमानी असते. ती चालते, कारण खेळायला बसताना खेळाडूंनी तिला संमती दिलेली असते. तिसऱ्या बैठकीत तेच वाक्य कोणी खपवून घेत नाही.

मोहिमेवरून पुन्हा हात फिरवणे म्हणजे मुख्यतः या मनमानीला मागे रेटणे. नवख्याच्या खर्ड्यात भविष्यकाळ भरलेला असतो: ‘पथक नदीवर पोचताच दरोडेखोर हल्ला करतील, पुजाऱ्याला पळवतील आणि पथक त्यांच्या मागावर डोंगर चढेल.’ एका वाक्यात तीन भाकिते, आणि तिन्ही फसू शकतात. पथक नदीवर जाणारच नाही. गेले तर दरोडेखोरांना तिथेच लोळवेल. किंवा पुजाऱ्याची त्याला फिकीरच नसेल. भाकिते खरी करायची तर डीएमला पुढे बळजबरी करावी लागते, आगगाडी रुळांवरून नेल्यासारखी कथा न्यावी लागते. सुधारलेल्या खर्ड्यात तेच साहित्य वर्तमानकाळात येते: दरोडेखोर सात आहेत, दोघे जखमी आहेत, डोंगरावरच्या देवळाखालचे दार फक्त पुजाऱ्याला ठाऊक असलेल्या मंत्राने उघडते, म्हणून त्यांना तो जिवंत हवा आहे, त्यांचा म्होरक्या अमावस्येपर्यंतच थांबायला तयार आहे. आता पथकाने काहीही केले तरी डीएमला उत्तर सापडते, कारण प्रत्येकाला काय हवे आहे ते लिहिलेले आहे. भूतकाळावर लेखकाची पूर्ण मालकी राहते, भविष्यावरचा हक्क तो सोडतो.

सुगाव्यांच्या बाबतीत हेच पथ्य वेगळ्या रूपात पाळले जाते. जस्टिन अलेक्झांडर या खेळलेखकाचा सुप्रसिद्ध नियम सांगतो की खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायला हवा, त्याच्याकडे नेणारे निदान तीन सुगावे पेरावेत. एकच पत्र, एकाच खणात, म्हणजे ‘ते पत्र सापडेल’ हे लपवून ठेवलेले भाकीत. उलट टोकाला १९८४ पासून आलेल्या ‘ड्रॅगनलान्स’च्या मोहिमा आहेत. त्यांत पुढच्या कथेला हवी असलेली पात्रे मेलीच तर प्रेत हाती लागू नये अशा रीतीने मरावीत, म्हणजे परत आणता येतील, अशी तजवीज होती. मोहिमा अफाट खपल्या, त्यांवरच्या कादंबऱ्या त्याहून जास्त. कादंबरी म्हणून ती योजना उत्तमच होती.

ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याची ‘रेव्हनलॉफ्ट’ (१९८३) याहून सूक्ष्म आहे. छापण्याआधी काही वर्षे ती हॅलोविनच्या सुमारास मित्रमंडळींत खेळली जात असे. तिच्यात एक भविष्यवेत्ती पत्ते मांडते आणि रक्तपिपासू सरदाराला मारणारी तलवार किल्ल्यात कुठे आहे ते सांगते. तिचे भविष्य कधीच चुकत नाही, कारण पत्ता उलटेपर्यंत तलवारीची जागा ठरलेलीच नसते. पात्रांच्या दृष्टीने हे विधिलिखित, टेबलाच्या दृष्टीने निव्वळ योगायोग, आणि दोन्ही एकाच वेळी खरे. विशेष म्हणजे यात फसवणूक नाही. पत्ता उलटल्यावर ती जागा डीएमवरही बंधनकारक होते. दोन बैठकींच्या मध्ये वहीत बदल करावेत की नाहीत, या घरगुती लेखकाला सतावणाऱ्या शंकेचे उत्तरही इथेच मिळते. टेबलावर जे उच्चारले गेले आणि ज्याच्या आधारे कोणी निर्णय घेतला, ते जगात पक्के झाले. उरलेले सगळे अजून खर्डाच आहे.

फाशांचे काय? वीस बाजूंच्या फाशावर एक पडण्याची शक्यता २० त १, आणि कधी तेवढ्यावर वर्षभर जपलेले पात्र मरते. गायगॅक्सने १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये डीएमला फासे नाकारण्याचा अधिकार दिला, कोणाची चूक नसताना मरण आले तर त्याऐवजी एखादा अवयव गमावण्यावर भागवता येईल, असेही सुचवले. ही दया समजण्यासारखी आहे, पण तिच्यात एक गफलत आहे. फासा टाकणे म्हणजे डीएमने ‘हे मी ठरवणार नाही’ असे जाहीर करणे. पडद्यामागे आकडा बदलला की ते जाहीर वचन मोडते, आणि त्यानंतर वाचलेले प्रत्येक पात्र कोणाच्या तरी मेहेरबानीवर वाचलेले ठरते. मरण नको असेल तर फासा टाकण्याआधीच ते पणाला लावू नये, हे जास्त प्रामाणिक.

सर्वांत अवघड त्याग निवाड्याचा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या जुन्या आवृत्त्यांत पात्राचे सज्जन-दुर्जनत्व नियमांतच नोंदलेले असे आणि दुष्टपणा ओळखणारा मंत्रही असे. म्हणजे नीतीचा निकाल सृष्टिकर्त्याने आधीच लावलेला. व्हिन्सेंट बेकरचा ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’ (२००४) हा खेळ याच्या उलट चालतो. खेळाडू एका श्रद्धाळू सीमावर्ती समाजाचे तरुण धर्मरक्षक असतात. डीएम प्रत्येक गाव पापाच्या उतरंडीने रचतो: आधी कोणाचा तरी अहंकार, त्यातून अन्याय, त्यातून पाप, आणि वेळीच आवर घातला नाही तर खोटी शिकवण आणि अखेर खून. एवढे तपशीलवार लिहूनही दोषी कोण आणि शिक्षा काय, हे त्याने ठरवायचे नसते. धर्मरक्षकांनी जे न्याय्य मानले, तोच त्या गावापुरता देवाचा कौल. सैतानांनी भरलेल्या नियमपुस्तकांपेक्षा हे धार्मिकदृष्ट्या कितीतरी धाडसी आहे. दरोडेखोरांच्या मोहिमेलाही ही कसोटी लावता येते. म्होरक्याच्या नावापुढे ‘दुष्ट’ असे लिहिले असेल तर त्याला मारावे की नाही हा प्रश्न संपला. त्याऐवजी त्याचा धाकटा भाऊ गावातल्या जमीनदाराच्या कैदेत आहे आणि तो जमीनदार पुजाऱ्याचा आश्रयदाता आहे, एवढीच नोंद असली तर नदीकाठच्या चकमकीनंतर खेळाडू तासभर आपसांत वाद घालतील, आणि डीएमला मध्ये पडण्याची गरज नसते.